आयकॉन दिसणार नाही, सर

प्रश्न: इचलकरंजीत माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, मला धरून पाच माणसं. २०२१ मध्ये सूत आणि कापड वाहणाऱ्या टेम्पोंसाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं. ड्रायव्हरच्या फोनमध्ये टाकायचं, मालकाला गाडी कुठे आहे ते दिसतं. पुढे गिऱ्हाइकं मागत गेली तसं कॉलची यादी, मेसेज असं वाढत गेलं. आज चारशेच्या आसपास खाती आहेत, महिना २९९ रुपये. एका ग्राहकाने ते अ‍ॅप बायकोच्या फोनमध्ये टाकलं. फोन तापतो, दुपारपर्यंत बॅटरी संपते म्हणून ती माहेरी गेल्यावर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथल्या मुलाने अ‍ॅप शोधून काढलं. तिने तक्रार दिली. आता सायबर पोलिसांची मला कलम ९४ खाली नोटीस आली आहे. त्या खात्याची नोंदणी, पेमेंट, लॉग आणि ग्राहकाशी झालेलं सगळं बोलणं सात दिवसांत द्या म्हणतात. आमच्या हेल्पलाइनवर त्या माणसाचं चॅट आहे. त्याने विचारलं होतं, 'तिला कळणार नाही ना?' आमच्या मुलाने उत्तर दिलं, 'नाही सर. हाइड मोड चालू करा, आयकॉन दिसणार नाही, सर.' मुलगा २२ वर्षांचा आहे. माझे सीए म्हणतात, तुम्ही इंटरमीडियरी म्हणजे मध्यस्थ आहात, ग्राहकाच्या कृत्यासाठी मध्यस्थाला न धरण्याचं आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे, कोर्टाचा आदेश येईपर्यंत तुम्हाला काही माहीत नव्हतं असंच कायदा धरतो. मेहुणा म्हणतो, चॅट उडव. सुरी विकणाऱ्याला कधी खुनासाठी धरतात का? बाकीच्या खात्यांचं काय करू? त्या मुलाला कामावरून काढू का? आमचं पत्रक सोबत जोडलं आहे.
— एक उद्योजक, इचलकरंजी

उत्तर: आधी मेहुण्याचं. चॅट उडवू नका. चॅटला दोन टोकं असतात, आणि दुसरं टोक ज्या फोनमध्ये आहे तो फोन एव्हाना पोलिसांकडे असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्याकडे ओळ असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर आज जो माणूस कागदपत्रं द्यायला बोलावलेला आहे तो उद्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा, म्हणजे पुरावा नाहीसा केल्याचा, आरोपी होईल. सर्व्हरवर जुना डेटा आपोआप पुसला जाण्याची सोय असेल तर ती आज, हे वाचून होण्याआधी, त्या खात्यापुरती बंद करा. मग पुढे वाचा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१. वस्तू आणि दस्तऐवज हजर करा, एवढाच त्याचा अर्थ. या नोटिशीने तुम्ही आरोपी होत नाही. पुढे कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस आली, तर तपासाची सुई तुमच्याकडे वळली असं समजायचं. ती आली तरी घाबरून गावाबाहेर जायचं नाही. बोलावतील तेव्हा वकिलाला घेऊन हजर राहणाऱ्याला सहसा अटक करू नये, करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावीत, असं तेच कलम सांगतं.

आता सुरी. हा दाखला माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी घेऊन येतंच, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. लोक घरी बसून चित्रपट टेप करतात, तर यंत्र विकणाऱ्याला धरा, असं स्टुडिओंचं म्हणणं. पाच विरुद्ध चार मतांनी सोनी जिंकली. यंत्राचा भरपूर सरळ उपयोग आहे, तेवढ्यावर विकणारा सुटतो, असं न्यायालय म्हणालं. लोक गोष्ट इथवर सांगतात आणि थांबतात. २१ वर्षांनी, २००५ मध्ये, ग्रोकस्टर नावाच्या फाइल वाटायच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तोच दाखला पुढे केला आणि तेच न्यायालय एकमताने त्यांच्या विरोधात गेलं. सॉफ्टवेअरचा सरळ उपयोग तिथेही होता. पण चोरून गाणी उतरवणाऱ्यांना आपणहून हाका मारल्या होत्या, हे कंपनीच्या स्वतःच्या कागदांत निघालं.

म्हणून तुमचं पत्रक मी दोनदा वाचलं. पहिल्या पानावर टेम्पोचं चित्र आणि 'गाडी कुठे, मालकाला खात्री'. ठीक. मागच्या पानावर खाली, पिवळ्या चौकटीत: 'घरातल्या माणसांवरही लक्ष ठेवा. १००% गुप्त. फोनमध्ये नाव दिसेल: सिस्टीम सर्व्हिस.' मला सांगा, भिवंडीला सूत घेऊन निघालेल्या ड्रायव्हरच्या फोनमध्ये 'सिस्टीम सर्व्हिस' हे नाव कशाला हवं? त्याला माहीत आहे की मालक बघतोय. मालकाने त्याला सांगूनच अ‍ॅप टाकलंय, आणि तो वाटेत ढाब्यावर तासभर झोपला की त्याचीच बोलणी बसतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज टेम्पोवाल्यांना नव्हती. ती पिवळी चौकट दुसऱ्या कोणासाठी तरी छापली गेली, आणि तो कोण हे तपास अधिकारी पहिल्या दहा मिनिटांत ओळखेल.

मग तो विचारेल, अ‍ॅप प्ले स्टोअरवर का नाही? तुम्ही ते एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायची फाइल, करून लिंकने पाठवता असं पत्रकावरच आहे. गूगलचे नियम कोणीही उघडून वाचू शकतो. पाळत ठेवणारं अ‍ॅप मुलांसाठी किंवा कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी चालेल, फोनवर सूचना सतत दिसली पाहिजे, आणि जोडीदारावर तर तिला सांगून, तिच्या परवानगीनेसुद्धा चालणार नाही. 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणताना हे उत्तर तुमच्या आड येईल.

सुरीच्या दाखल्यात आणखी एक भोक आहे. कोल्हापूरच्या बाजारात विळ्या-सुऱ्या विकणारा सुरी कागदात गुंडाळून देतो, पैसे घेतो, आणि त्याचा त्या सुरीशी संबंध तिथे संपतो. तुमची सुरी रोज रात्री तुमच्या सर्व्हरशी बोलते. ती बाई माहेरी गेली ते तुमच्या सर्व्हरने नोंदवलं, आईला किती वाजता फोन लावला ते नोंदवलं, आणि त्याबद्दल दरमहा २९९ रुपये तुमच्या खात्यात जमा झाले. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचंही म्हणणं वर्षानुवर्षं हेच होतं की पेगासस हे आमचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर आमचे ग्राहक वापरतात, आम्ही नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये त्यांच्यावर कॅलिफोर्नियात दावा लावला. सुमारे १,४०० फोनांचा मामला होता, त्यात आपल्याकडच्या भीमा-कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील-कार्यकर्तेही होते. खटल्यात निघालं ते असं की ग्राहक फक्त नंबर टाकायचा, बाकीचं सगळं कंपनीची यंत्रणा करायची. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी एनएसओला जबाबदार धरलं. पुढच्या मे महिन्यात ज्यूरीने सुमारे १६.८ कोटी डॉलर भरायला सांगितले. न्यायाधीशांनी ती रक्कम नंतर बरीच उतरवली, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेला पुन्हा न जाण्याचा मनाई हुकूमही दिला. तुम्ही एनएसओ नाही, हे मलाही कळतं. युक्तिवाद मात्र तोच आहे.

तुमच्या आकाराचंच उदाहरण हवं असेल तर २०१४ चं घ्या. लाहोरच्या एका उद्योजकाने 'स्टेल्थजिनी' नावाचं फोनवर पाळत ठेवणारं अ‍ॅप अमेरिकेत विकलं. तिथे अशा वस्तूची विक्री आणि जाहिरात हाच गुन्हा आहे. त्याच्या व्यवसाय आराखड्यात मुख्य गिऱ्हाईक म्हणून जोडीदारावर संशय घेणारे लोक लिहिले होते. त्याने गुन्हा कबूल केला, पाच लाख डॉलर दंड भरला आणि सोर्स कोड सरकारजमा झाला.

आता आपला कायदा, आणि तुमचे सीए. ते निम्मे बरोबर आहेत. दुसऱ्याच्या वतीने इलेक्ट्रॉनिक नोंदी घेणारा, साठवणारा किंवा पोचवणारा तो इंटरमीडियरी, या व्याख्येत तुम्हाला बसवता येईल. 'कोर्टाचा आदेश येईपर्यंत माहीत नाही' हे वाक्य २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालातलं आहे. त्या निकालामागे पालघरच्या दोन मुली होत्या. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या मुंबई बंदवर एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्या निकालात ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल धरणारं कलम ६६अ रद्द झालं आणि कलम ७९ च्या पोटकलम ३(ख) चा अर्थ लावला गेला: लोकांनी टाकलेला मजकूर काढायचा तो न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर, येऱ्यागबाळ्याच्या ईमेलवर नव्हे. सीए हे विसरले की त्याच्या शेजारीच ३(क) आहे. इंटरमीडियरीने स्वतः कट केला, चिथावणी दिली, मदत केली किंवा प्रवृत्त केलं असेल, तर संरक्षण मुळात नाहीच. तिथे आदेशाची वाट बघायचा प्रश्न येत नाही. 'आयकॉन दिसणार नाही, सर' ही ओळ ३(ख) ची नाही, ३(क) ची आहे.

मदत म्हणजे काय, तेही कायद्यात आहे. आयटी कायद्याच्या कलम ४३ चा खंड (छ) म्हणतो, दुसऱ्याच्या संगणकात बेकायदा शिरायला कोणी कोणाला साह्य केलं तर तोही भरपाई द्यायला जबाबदार. फोन हाही संगणकच. हेच लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरा म्हणेल, फोन माझ्या पैशाचा, मालक मी. या मुद्द्यावर वकील भांडतील. पण न्याय संहितेच्या कलम ७८ ला फोनची पावती कोणाच्या नावावर आहे याचं घेणंदेणं नाही. बाईच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणं म्हणजे स्टॉकिंग, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, आणि नवऱ्याला त्यातून सूट दिलेली नाही. त्या गुन्ह्याला सोपं करून देणारी कृती आधी केली तर ती चिथावणीच्या व्याख्येतली मदत ठरते. शिवाय भरपाईचा दावा वेगळा, तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे चालतो, पाच कोटींपर्यंत.

(जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. तेव्हापासून अशा अ‍ॅपचे विक्रेते 'आता कायदेशीर आहे' असं बिनदिक्कत सांगतात. पुरावा वाचायला चालतो म्हणजे तो गोळा करणारा आणि त्याला साधन देणारा सुटला, असं त्या निकालात कुठेही नाही.)

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग मी आत जाणार का? माझा अंदाज तसा नाही. पण बाझी डॉट कॉमचे प्रमुख अवनीश बजाज यांचं प्रकरण माहीत असू द्या, कारण अशा कामात निर्दोष सुटण्याआधी किती वर्षं जातात ते त्यात दिसतं. बाझी डॉट कॉम ही मुंबईची लिलावाची साइट, तेव्हा नुकतीच ईबेने घेतलेली. नोव्हेंबर २००४ मध्ये आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने तिथे शाळकरी मुलामुलीची एक क्लिप विकायला ठेवली. शनिवारी रात्री तक्रार आली, लिस्टिंग उतरली सोमवारी सकाळी. कंपनी स्वतः काही विकत नव्हती. तपासाला मदत करायला बजाज दिल्लीला गेले आणि तिथे त्यांनाच अटक झाली. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काय बघितलं? लिस्टिंगचं शीर्षक. ते शीर्षकच अश्लील आहे, साइटवर उघड दिसत होतं, आणि असले शब्द अडवणारी चाळणी कंपनीकडे धड नव्हती. शेवटी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा खटला रद्द केला, तोही कंपनीला आरोपी केलंच नव्हतं या कारणावर. सात वर्षं त्यात गेली. कलम ७९ आज आहे तसं रुंद झालं त्यामागे या अटकेने उडालेली खळबळ होती. तुमच्या पिवळ्या चौकटीचं वजन मी त्या शीर्षकाइतकं धरतो.

तर नोटिशीला उत्तर असं द्या. फौजदारी कामं करणारा वकील करा, सीए नको. मागितलेल्या एकाच खात्याची माहिती द्या. बाकी खात्यांचा डेटा मागितलेला नाही, तो पेन ड्राइव्हमध्ये 'असू दे' म्हणून टाकू नका, त्यात दुसऱ्या माणसांची आयुष्यं आहेत. इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं, हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह. हॅश काढताना मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं. चॅट पूर्ण द्या. अडचणीची ओळ गाळून दिलेलं चॅट न दिलेल्यापेक्षा वाईट. मुदतीचं म्हणाल तर पोलिसांनी तुम्हाला सात दिवस दिलेत, पण २०२१ च्या इंटरमीडियरी नियमांत अधिकृत तपास यंत्रणेला माहिती द्यायची कमाल मुदत ७२ तास आहे. ज्या कलम ७९ ची ढाल तुम्हाला हवी आहे, ती हे नियम पाळणाऱ्यालाच मिळते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव तुमच्या वेबसाइटवर आहे का? मला दिसलं नाही.

त्या मुलाला काढू नका. ही माणुसकी झालीच, पण अक्कलही आहे. ते उत्तर त्याने मनाने दिलेलं नसणार. हेल्पलाइनच्या पोरांना तयार उत्तरांची फाइल दिलेली असते, आणि ती फाइल कोणी लिहिली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आयटी कायद्याच्या कलम ८५ खाली कंपनीचा कारभार बघणाऱ्यावर गुन्ह्याचा भार येतो. 'मला माहीत नव्हतं आणि मी पुरेशी काळजी घेतली होती' हे त्याने सिद्ध करायचं असतं. रागावून बाहेर पडलेला २२ वर्षांचा मुलगा ती फाइल घेऊन पोलिसांपुढे बसला, तर ते सिद्ध करणं तुम्हाला जमणार नाही. त्यालाही स्वतंत्र वकील द्या, खर्च तुमचा.

बाकीच्या चारशे खात्यांचा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. कालपर्यंत एखादे वेळी 'कल्पना नव्हती' म्हणता आलं असतं. नोटीस हातात पडल्यापासून ते गेलं. कोणाचे मेसेज उघडून न बघतासुद्धा तुम्हाला कळेल. एका खात्यावर पंधरा फोन, दिवसा चालू, हाइड मोड बंद: तो टेम्पोवाला. एका खात्यावर एकच फोन, हाइड मोड चालू, आणि मालक रात्री बारा वाजता चाळीस वेळा लोकेशन बघतो: तो कोण, हे मी लिहायची गरज नाही.

इथे घाई करू नका. उद्या सकाळी एका अपडेटने हाइड मोड काढलात, तर शंभर घरांत एकाच वेळी बायकांच्या फोनवर एक अनोळखी आयकॉन उगवेल, आणि तो नवऱ्यांनाही दिसेल. त्यातल्या काही घरांत त्या रात्री काय होईल याची जोखीम तुम्ही घेऊ शकत नाही. शिवाय अ‍ॅप गपचूप काढून टाकलंत तर त्या बायकांच्या हातातला पुरावाही जातो. आधी नवी गुप्त खाती घेणं थांबवा. मग अशा खात्यांचं नवं संकलन सर्व्हरवर बंद करा, साठलेलं जपून कुलूपबंद करा. त्यानंतर, वकिलाला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून, फोन वापरणाऱ्या व्यक्तीला दिसेल अशी साधी सूचना पाठवायची: या फोनमध्ये अमुक अ‍ॅप आहे, मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. सूचनेचा मजकूर अशा बायकांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडून तपासून घ्या. आपण प्रोग्रामर आणि वकील मंडळी अशी वाक्यं फार वाईट लिहितो. ग्राहक पैसे परत मागतील, द्या.

टेम्पोचं अ‍ॅप मात्र चालू ठेवायला माझी काही हरकत नाही. ड्रायव्हरची मराठीत किंवा त्याच्या भाषेत लेखी संमती, आयकॉन उघड, कामाचे तास संपले की ट्रॅकिंग बंद, आणि मेसेज वाचायची सोय मुळातून काढून टाकलेली. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीचं काम त्यासाठीही करावंच लागणार आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पत्रकाच्या दोन हजार प्रती अजून छापखान्यात गठ्ठे बांधून पडल्यात. त्या वाटू नका. आणि पेटवूही नका. छापखानेवाल्याची पावती आणि एक गठ्ठा वकिलाकडे नेऊन द्या.